चादरींच्या संकेतस्थळाची छायाचित्रे आणि अक्षरे

सोलापुरी चादरींच्या दुकानाचे संकेतस्थळ व्यावसायिक दिसावे म्हणून इंटरनेटवरची तयार छायाचित्रे वापरावीत, असे अनेकदा सुचवले जाते; त्याच्याशी मी सहमत नाही. दुकानात गिऱ्हाईक चादर हातात घेऊन वीण पाहते आणि पडद्यावर ती उणीव छायाचित्रालाच भरून काढावी लागते, म्हणून फ्लॅश बंद ठेवून, खिडकीतला उजेड तिरपा पडेल अशा जागी चादर पसरावी, म्हणजे जकार्डच्या, म्हणजे मागावरच विणलेल्या, नक्षीचा उठाव आणि काठाचे दोरे स्पष्ट दिसतात. छायाचित्रे वेबपी (WebP) या कमी जागा घेणाऱ्या फाइल-स्वरूपात चढवावीत, म्हणजे पान लवकर उघडते.

देवनागरीची गरज मात्र वेगळी आहे आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जात असल्याने ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवावे. अक्षरांमधले अंतर कधीही वाढवू नये, कारण शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. इंग्रजीसाठी बनवलेल्या काही थीममध्ये (संकेतस्थळाच्या तयार साच्यांमध्ये) शीर्षकांना हे अंतर आधीच दिलेले असते, ते शून्यावर आणावे. ‘हिंद’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत फॉन्ट चांगले आहेत. फिकट राखाडी अक्षरे टाळावीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचे काँट्रास्ट गुणोत्तर (दोन्हींच्या उजळपणातील फरकाचे माप) किमान ४.५ : १ असावे.