मदत हवी आहे: युनिटीत मेनूचं बटण एकदाच चालतं, परत आल्यावर ढिम्म

युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) छोटा टूडी गेम करतोय. सीन (गेमचे वेगवेगळे पडदे) दोनच, 'मेनू' आणि 'खेळ'. मेनूत 'सुरू करा' बटण, खेळात वरच्या कोपऱ्यात 'मेनू' बटण. दोन्ही सीन बिल्ड सेटिंग्जच्या यादीत आहेत, सीन बदलायला कोडच्या वर लागणारी सीनमॅनेजमेंटची यूझिंग ओळ आहे, फंक्शन पब्लिक आहे. (आधीच सांगतो, कारण शोधलं की हीच तीन उत्तरं मिळतात. ऑनक्लिकच्या (बटण दाबल्यावर काय चालवायचं ते ठरवायच्या) चौकटीत ऑब्जेक्टऐवजी स्क्रिप्टची फाइल टाकून 'फंक्शन दिसत का नाही' म्हणून डोकं फोडणं, तेही करून झालंय.)

पहिल्यांदा 'सुरू करा' दाबलं की खेळ उघडतो. तिथून मेनूत येतो, पुन्हा 'सुरू करा' दाबतो, आणि काहीच नाही. बटणाचा रंग बदलतो, दाबल्यासारखं दिसतं, पण सीन हलत नाही. कन्सोल (एरर दाखवणारी खिडकी) कोरा. एखादी लाल ओळ आली असती तर बरं वाटलं असतं.

सीन उघडणारं लोडसीनचं फंक्शन गेममॅनेजर नावाच्या ऑब्जेक्टवर आहे. त्याच्यावरच पार्श्वसंगीत असल्याने तो डोंटडिस्ट्रॉयऑनलोड केलाय, म्हणजे सीन बदलला तरी तो नष्ट होत नाही.

प्रतिसाद १
पॉझ करताना टाइमस्केल (गेममधल्या वेळेचा वेग) ० केला असेल. लोड करण्याआधी १ करा.

धागाकर्ता
पॉझ अजून केलेलंच नाही हो.

प्रतिसाद २
घोळ तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. अवेकमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) 'आधीचा मॅनेजर असेल तर स्वतःला डिस्ट्रॉय कर' असं लिहिलंय ना? मेनू पुन्हा लोड झाला की त्या सीनमधला नवा मॅनेजर तयार होतो, जुना दिसला की हा नवा मरतो. बटण मात्र त्या नव्यालाच जोडलेलं असतं. प्ले चालू असताना ऑनक्लिक बघा, तिथे 'मिसिंग' दिसेल. लक्ष्यच उरलं नाही की युनिटी गपचूप सोडून देते, म्हणून एरर नाही.

बटणावरच चार ओळींची वेगळी स्क्रिप्ट ठेवा आणि तिच्यातून लोडसीन करा. मॅनेजरकडे फक्त संगीत राहू द्या. सीन बदलायला तो लागतोच कशाला?

धागाकर्ता
अगदी 'मिसिंग'च होतं! स्क्रिप्ट बटणावर हलवली, सात-आठ वेळा ये-जा करून पाहिली, चालतंय. खेळातलं 'मेनू' बटणही त्याच स्क्रिप्टवर आणलं, सीनचं नाव इन्स्पेक्टरमधून (ऑब्जेक्टच्या सेटिंग्ज भरायच्या खिडकीतून) देतोय. धन्यवाद!