तात्या टोपे प्रजाच नव्हते तर राजद्रोह कसला?

लष्करचा_बाळू:
रविवारी मुलाला घेऊन शिवपुरीला गेलो होतो, तात्यांचा पुतळा बघितला. परतताना गाडीत त्याने विचारलं की बाबा, तात्या पेशव्यांचे, मग इंग्रजांशी गद्दारी केली असं इंग्रज कसं म्हणणार? मी अडकलो. कोणी वकील मंडळी आहेत का इथे?

जनकगंज_वकील:
बाळूदादा, पोरगं वकील होणार तुमचं 😄 मुद्दा निष्ठेचाच आहे. १८५७ च्या धामधुमीत कंपनी सरकारने जो ११ वा कायदा केला त्यातसुद्धा शिक्षा कोणाला, तर ब्रिटिश सरकारशी निष्ठा बांधील असलेल्यांना. तात्या जन्मले येवल्याकडे, १८१८ च्या आधी, म्हणजे पेशवाई असताना. कोर्ट मार्शलपुढे त्यांनी हेच सांगितलं, काल्पी इंग्रजांच्या हाती पडेपर्यंत नानासाहेब पेशव्यांचा आणि मग त्यांचे पुतणे रावसाहेब यांचा हुकूम पाळला, मी चाकर. ७ एप्रिल १८५९ ला पकडले, १५ ला खटला, १८ ला फाशी. अकरा दिवसांत सगळं उरकलं, आमच्याकडे एवढ्यात नुसती तारीख मिळत नाही. नंतर मॅलेसन या इंग्रज इतिहासकारानेच लिहिलं की पुढची पिढी हा निकाल मानेल का याची शंका आहे.

वाडा_नंबर_सात:
वकीलसाहेब, दुसरी बाजू पण सांगा ना. दुसरे बाजीराव पेशवे १८१८ मध्ये शरण आले, वर्षाला आठ लाख पेन्शन घेऊन बिठूरला राहिले, आणि बिठूर कानपूरजवळ, कंपनीच्याच मुलखात. ज्याच्या राज्यात राहता, ज्याच्या बंदोबस्तात झोपता त्याच्याशी निष्ठा आपोआप लागते असं इंग्रजी कायदा म्हणतो. बहादूरशहावर १८५८ मध्ये हेच लावलं, पेन्शनर आणि प्रजा म्हणून आरोप, म्हणजे बादशहाच प्रजा! मला स्वतःला हे पटत नाही, पण त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता.

लष्करचा_बाळू:
अरे पण शिवपुरी तर शिंदे सरकारांची ना? पकडलं पण पाडोनच्या जंगलात, नरवरच्या मानसिंगाने दगा दिला म्हणून. मग खटला इंग्रजांनी कसा चालवला?

जनकगंज_वकील:
फौज कोणाची होती तेवढंच बघा, बाकी अधिकारक्षेत्र वगैरे कोण विचारतंय. आणि खरं गंमतीचं तर आपलंच आहे, १ जून १८५८ ला ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची फौज मुरारजवळ तात्या आणि झाशीच्या राणीसाहेबांकडे गेली आणि जयाजीराव आग्र्याला निघून गेले. त्या शिपायांनी द्रोह केला असेल तर तो शिंद्यांशी, कंपनी सरकारशी नाही. ही गोष्ट आमच्या आजोबांच्या बैठकीत निघाली की दोन काका कायम भांडायचे, चहा गार व्हायचा.

शिंदेछावणी_ताई:
पुढे १८६२ पासून लागू झालेल्या पिनल कोडच्या कलम १२१ मध्ये ही कटकटच काढून टाकली, 'जो कोणी' सरकारविरुद्ध युद्ध करेल तो, निष्ठा बिष्ठा काही नाही. आझाद हिंदवाल्यांना १९४५ मध्ये लाल किल्ल्यात तेच कलम लावलं. आता पिनल कोडच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते १४७ झालंय, 'जो कोणी' तसाच आहे. बाळूदादा, मुलाला सांगा त्याचा प्रश्न बरोबर होता, फक्त तीन वर्षं उशीर झाला असता तर तात्यांना तो विचारताच आला नसता.