मदत हवी आहे : ओसीआरनंतर ‘ऱ्य’ कसा दुरुस्त करावा?

कॉपीराइट संपलेल्या एका अद्भुतरम्य कादंबरीचं ई-बुक करायचं आहे. स्कॅन ३०० डीपीआय, ओसीआर करणाऱ्या (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या) टेसरॅक्ट सॉफ्टवेअरला भाषा मराठी दिलीय. बाकी मजकूर ठीक, पण ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सरसकट ‘र्य’ बदलला तर ‘सूर्य’, ‘आश्चर्य’ बिघडणार. शब्दयादीही पुरत नाही, कारण ‘दर्या’ हाही खराच शब्द. आणि या कथेत समुद्र आहे, डोंगरही. (छळच!)

शिवाय ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवला जातो: नुक्तावाला ऱ + हलन्त, किंवा साधा र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). दिसायला सारखेच, पण शोधताना एक टाकला की दुसरा सापडत नाही, युनिकोड नॉर्मलायझेशन (समान मानलेली अक्षरं एकाच रूपात आणणं) केल्यावरही नाही.

आजूबाजूचे शब्द पाहून ‘दर्या’-‘दऱ्या’ ओळखणारी स्क्रिप्ट कुणाकडे आहे का? आणि ई-बुकसाठी कोणता प्रकार ठेवावा?