निकामी हात काढून मायोइलेक्ट्रिक (स्नायूंच्या विद्युत सिग्नलवर चालणारा) हात: सिग्नलबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ब्रेकियल प्लेक्ससच्या (मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या) इजेने बोटं कायमची गेलीत, कोपर मात्र वाकतं. पेशंट स्वखुशीने हात कापून कृत्रिम बसवायला तयार आहे. व्हिएन्नात ऑस्कर आझमान यांच्या टीमने असं केलं, तिघांचे निकाल 2015 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. कापण्याआधीच निकामी हातावर कृत्रिम हात बांधून त्यांनी सराव करून घेतला, हे फार शहाणपणाचं.

उघड-मिटीला दोन स्वतंत्र सिग्नल लागतात. इथे दोन्ही इलेक्ट्रोडचे (त्वचेवरून सिग्नल टिपणाऱ्या पट्ट्यांचे) सिग्नल एकदमच चढतात. जागा सेंटिमीटरभर सरकवली, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) उतरवला, फरक शून्य. त्यात घाम आला की मूठ आपोआप सुटते. सिग्नलसाठी मांडीचा स्नायू हातात बसवायला सुचवण्याआधी किती आठवडे सराव द्यावा? सरावाचा हात कशावर बांधता?

(मज्जातंतूंची मुळं मणक्यातून उपटली असतील तर त्याचं दुखणं हात कापून जात नाही, हे सांगून झालंय. तरी होकार कायम.)