हात थांबवला की हात संपला?

कोथरूडकर:
पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कराटेची जी शोतोकान शैली शिकवली जाते, ती निव्वळ पांढऱ्या कपड्यातली कवायत आहे. ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवायचाच असेल, तर तो उगारावा तरी कशाला? कुमिते, म्हणजे दोघांची लढत, पाहायची असेल तर क्योकुशिन या पूर्ण संपर्काच्या कराटे शैलीची पाहावी, तिथे समोरचा खरोखर खाली बसतो.

माजी ब्राऊन बेल्ट:
'कवायत' हा शब्द मला झोंबला, कारण तो अर्धा खरा आहे. पर्वतीच्या पायथ्याशी, शाळेच्या एका हॉलमध्ये मी अकरा वर्षे शोतोकान शिकलो. मात्र क्योकुशिनच्या स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते, पण मुठीने चेहऱ्यावर मारणे नियमबाह्य आहे, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. परिणामी दोघेही छातीला छाती भिडवून, हनुवटी उघडी टाकून, एकमेकांच्या बरगड्या आणि मांड्या बडवत राहतात. लक्ष्मी रोडवर गाडीला धक्का लागला म्हणून अंगावर येणारा माणूस पहिला हात तोंडावरच टाकतो, बरगडी शोधत बसत नाही.

राहता राहिला ठोसा थांबवण्याचा प्रश्न. तो नेमका का थांबला, एवढेच पाहावे. आमच्या सरांची एक युक्ती होती. ठोसा मारणाऱ्याला न सांगता ते समोरच्या जोडीदाराला अर्धे पाऊल पुढे सरकवत आणि मग ठोसा मारायला लावत. ज्याचा हात केवळ लांबी संपली म्हणून थांबत असे, तो तेव्हा थेट नाकावर आदळे. ज्याने तो स्वतः थांबवलेला असे, त्याची मूठ कातडीपाशी येऊन थबके आणि कोपर किंचित वाकलेले राही. आमच्या बॅचमध्ये वीसपैकी चारच जणांचा हात थबकला. त्या चौघांत मी नव्हतो.

कोथरूडकर:
म्हणजे सोळा जण कवायतच करत होते, हे आपणच लिहून दिलेत, आभारी आहे. चेहऱ्याच्या नियमाचे म्हणाल तर स्वित्झर्लंडचा लढवय्या अँडी हुग क्योकुशिनमधूनच वर आला आणि चेहऱ्यावर ठोसे चालणाऱ्या के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेचे 1996 चे ग्रांप्री त्याने जिंकले. ज्याला मार खाण्याची सवय असते, तो गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर हात, वर धरायला नंतरही शिकतो. उलट आपल्या 'नियंत्रणा'चे फळ 2021 साली टोकियो ऑलिंपिकच्या कराटेच्या एका अंतिम लढतीत जगाने पाहिले. पुढे असलेल्या सौदीच्या हमेदीची लाथ लागून इराणचा गंजजादेह बेशुद्ध पडला, आणि अतिसंपर्काबद्दल हमेदी बाद होऊन सुवर्णपदक त्या आडव्या पडलेल्या माणसाला मिळाले!

माजी ब्राऊन बेल्ट:
नियम ठाऊक असूनही ज्याला पाय आवरला नाही, तो बाद झाला. यात हसण्यासारखे काय आहे? शिवाय ती गुणांची स्पर्धा म्हणजे शोतोकान नव्हे. मोकळ्या कुमितेला शोतोकानचे जनक फुनाकोशी यांचा विरोधच होता. ते 1957 मध्ये गेले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा भरली. आपल्याला उदाहरणेच हवी असतील, तर यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या स्पर्धेत 2009 मध्ये विजेता झालेला ब्राझीलचा ल्योतो माचिदा शोतोकानमध्येच घडला.

एक पालक:
आपले जपान आणि ब्राझील झाले असेल, तर थोडे सिंहगड रोडवर यावे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी, आणि आता पिवळ्या पट्ट्यावर एक काळी रेघ मारण्यासाठीही परीक्षा निघाली आहे. त्या परीक्षेत कुमिते किती वेळ झाले, तर मी घड्याळ लावले होते, चाळीस सेकंद.

क्लासवाला:
हॉलचे भाडे आणि मॅटचा खर्च कोण देतो, हे पालकांनी कधी विचारले आहे का? चाळीस सेकंदांपेक्षा जास्त कुमिते घेतले आणि मुलीच्या गालावर वळ उठला, तर त्याच रात्री ग्रुपवर पहिला मेसेज कोणाचा येतो, हेही सांगा. दुसऱ्या परीक्षेत नापास केले की मूल शेजारच्या क्लासला जाते, कारण तिथे दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळतो.

एक पालक:
हॉलचे भाडे आम्हीच देतो, ते मासिक फीमध्ये आहे. रेघेचे भाडे कोणत्या हॉलला जाते?

कोथरूडकर:
क्लासवाल्यांनी शेवटी खरे बोललेच. पालकांना वळ नको असतो म्हणून ठोसा थांबतो, त्याला परंपरेचे नाव देऊ नये. मात्र अर्ध्या पावलाची चाचणी मला पटली, हे नाइलाजाने नोंदवतो. ती आमच्याकडेही घ्यायला हवी, कारण आमचे लोक मुठीच्या अंतरावर उभे राहतात, ते चेहऱ्यावर काही येणार नाही या खात्रीनेच.

माजी ब्राऊन बेल्ट:
एवढे कबूल करायला आपल्याला हुग आणि ऑलिंपिक, दोन्हींची प्रदक्षिणा घालावी लागली.

एक पालक:
चाचणी काल संध्याकाळी घरीच घेतली. मुलीसमोर उभा राहून अर्धे पाऊल पुढे सरकलो. हात थांबला नाही. वरचा ओठ सुजला आहे आणि ती अजून हसते आहे. शैली चांगली की वाईट, ते आपण दोघे ठरवावे. रेघेच्या फीची पावती मात्र क्लासवाल्यांनी अजून दिलेली नाही.