ज्ञानेश्वर मुळे राजदूत होते की उच्चायुक्त?

प्रश्न: काल भाच्याशी वाद झाला, तो म्हणतो परराष्ट्र सेवेतले आपले मुळे साहेब मालदीवला राजदूत होते, मी म्हटलं उच्चायुक्त. नक्की फरक काय असतो? आणि पुढे काय केलं त्यांनी?

प्रतिसाद १: काम तेच, फक्त पाटी वेगळी. राष्ट्रकुलातले (बहुतेक पूर्वी ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या देशांचा गट) देश एकमेकांकडे पाठवतात तो उच्चायुक्त, बाकी ठिकाणी राजदूत. मालदीव तेव्हा राष्ट्रकुलात होतं, म्हणजे तुम्ही जिंकलात, भाच्याकडून चहा वसूल करा.

प्रतिसाद २: तो काळ सोपा नव्हता हो. फेब्रुवारी २०१३ ला मालदीवचे माजी अध्यक्ष नशीद अटक टाळायला थेट राजधानी मालेतल्या आपल्या उच्चायुक्तालयात येऊन बसले, दहाएक दिवस तिथेच, बाहेर पोलीस, आत पाहुणा आणि मधे आपला शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचा माणूस! त्यानंतर मुळे न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत, म्हणजे तिथल्या आपल्या वाणिज्य दूतावासाचे प्रमुख.

प्रतिसाद ३: मला तर ते पासपोर्टमुळेच माहीत. ते परराष्ट्र खात्यात सचिव होते तेव्हाच, २०१७ ला, पोस्टात पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. आधी आम्ही पहाटेची एसटी धरून पुण्याला जायचो, एक झेरॉक्स विसरली की परत फेरी. धाकटीचं काम मात्र हेड पोस्टातच झालं, तिकिटांच्या खिडकीशेजारच्या खोलीत.