मदत हवी आहे: क्रिस्टल सुंदर, पण डिफ्रॅक्शनच नाही!

रात्रपाळी: तीन आठवडे एकाच जागी अडकलोय. प्रथिनाची रचना काढायला क्रिस्टल वाढवलेत: सुईसारखे, काचेसारखे स्वच्छ, पाव मिलिमीटर लांब. एक्स-रेसमोर धरले की किरण विखरून (डिफ्रॅक्शन) चित्रात भरपूर ठिपके यायला हवेत, पण सात-आठच येतात, तेही पार कडेला. मधला भाग कोरा. गोठवताना बर्फ होऊ नये म्हणून घालतात ते ग्लिसरॉल १५, २०, २५ टक्के करून झालं. रिझोल्यूशन (रचनेतला बारकावा) कसं वाढवू? बुधवारी परत बीमटाइम (एक्स-रे यंत्रावरची ठरलेली वेळ) आहे, प्लीज लवकर सांगा.

मृद्गंध: प्रथिन कोणतं? कुठल्या जिवाणूचं? बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) काय?

रात्रपाळी: स्ट्रेप्टोमायसिसचं, मॅक्रोलाइड (मोठ्या वलयाचं) अँटिबायोटिक बनवणाऱ्या एन्झाइमांच्या साखळीतलं. हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेलं शेपूट) आहे. विहिरीत (थेंबाशेजारच्या द्रावणात) २० टक्के पीईजी ३३५० (प्रथिनाला द्रावणाबाहेर ढकलणारं पॉलिमर) आणि ०.२ मोलर कॅल्शियम अ‍ॅसिटेट.

घनरूप: आधी टॅग कापा! मी याच हट्टापायी वर्ष घालवलंय. टॅग गेला आणि चार दिवसांत क्रिस्टल आले.

नवी_दिशा: क्रिस्टलच्या मागे लागताच कशाला? क्रायो-ईएम (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करा. पिक्रोमायसिन हे अँटिबायोटिक बनवणाऱ्या सिंथेस एन्झाइमचं अख्खं मॉड्यूल (एक पूर्ण विभाग) २०१४ मध्ये त्यानेच दिसलं.

घनरूप: ते मॉड्यूल अवाढव्य आहे हो. लहान प्रथिनाला क्रायो-ईएम अवघड, यांचं केवढं ते तरी विचारा.

रात्रपाळी: ४५ किलोडाल्टन, लहानच. पी४५० कुटुंबातलं एन्झाइम आहे, अँटिबायोटिकच्या वलयावर हायड्रॉक्सिल गट बसवतं.

मृद्गंध: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! पी४५० म्हणजे हीम (रक्तातल्यासारखा लोह असलेला लाल रेणू) आलं. तुमचं शुद्ध केलेलं प्रथिन लाल दिसत असेल, मग क्रिस्टल काचेसारखे कसे?

पिवळी_बुरशी: पेनिसिलिन बनवणाऱ्या साखळीतल्या आयसोपेनिसिलिन एन सिंथेसची रचना १९९५ ला आली, तिचे क्रिस्टलही

मृद्गंध: ते अ‍ॅस्परजिलस बुरशीचं एन्झाइम, त्यात लोह आहे पण हीम नाही. इथे तुलना एरिएफशी करा, एरिथ्रोमायसिनच्या वलयावर सहाव्या कार्बनला हायड्रॉक्सिल लावणारं. त्याचीही रचना १९९५ चीच, आणि तेही पी४५०.

साधा_वाचक: एरिथ्रोमायसिन घेतलं की पोटात ढवळतं, ते का?

पिवळी_बुरशी: ते आतड्यातल्या मोटिलिन या हार्मोनच्या रिसेप्टरला चिकटतं, हालचाल वाढते.

घनरूप: धागा भरकटतोय. रात्रपाळी, प्रथिनाचा बफर अजून सांगितला नाहीत.

रात्रपाळी: ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.५. प्रथिन लालच आहे. थेंबाच्या कडेला तांबूस साय धरलीय, मी ती कचरा समजत होतो.

मृद्गंध: ती सायच तुमचं प्रथिन. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचं मीठ (क्षार) बसणारच, तुमच्या सुया त्याच्याच. मिठाचा युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा घटक) लहान, म्हणून ठिपके मोजकेच आणि लांब लांब. प्रथिनाचा सेल मोठा, तिथे ठिपक्यांची दाटी दिसते, पार मधल्या भागापर्यंत. रिझोल्यूशनचा प्रश्नच नाही हा. क्रिस्टल टाचणीने दाबून बघा (मीठ कडक, प्रथिन मऊ), आणि प्रथिनाशिवाय फक्त बफरचा थेंबही लावा.

घनरूप: टॅगचं माझं मत कायम आहे, पण आधी हेच करा.

रात्रपाळी: दाबलं. कडक, कट्ट आवाज करून तुटला. बफरच्या थेंबातही रातोरात तशाच सुया आल्या. तीन आठवडे मीठ वाढवत होतो मी. आता प्रथिन हेपेस या फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये घेतो. बुधवार सोडून देऊ का?

मृद्गंध: स्लॉट दुसऱ्या कुणाला द्या. हेपेसमध्ये घेतल्यावर कॅल्शियम तसंच ठेवा, पीईजी १२ ते २२ टक्के दोन-दोनने चढवा. साय जिथे पातळ होते तिथे रोज बघा. लाल कणी दिसली की तिचा चुरा करून सीडिंग (नव्या थेंबात बी म्हणून टाकणं), आणि फोटो इथे टाका.